घरचा काढा: ओळख, माप आणि थांबायचा दिवस

माझे सासरे, अप्पा, यांना दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत कोरडा खोकला लागला. मी काष्ठौषधींच्या दुकानातून ज्येष्ठमध आणलं आणि सकाळ-संध्याकाळ काढा सुरू केला. गोडसर लागतो म्हणून ते आवडीनं प्यायचे. घसा आठवड्यात मोकळा झाला, पण काढा चालूच राहिला, कारण बंद करायचं कुणाच्या मनातच आलं नाही. पाचव्या आठवड्यात त्यांचे पाय सुजले, जिना चढताना मांड्यांत त्राण राहीना आणि रक्तदाब १८० च्या पुढे गेला. रक्तातलं पोटॅशियम बरंच उतरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध चालू आहे का?" आम्ही दोघंही म्हणालो, "नाही." काढा आम्ही औषधात धरलाच नव्हता.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी खाण्यापिण्याची एकेक गोष्ट विचारली, तेव्हा ज्येष्ठमध बाहेर आलं. काढा थांबवल्यावर सूज उतरायला आणि रक्तदाब जागेवर यायला काही आठवडे गेले. तेव्हापासून मी काढ्याकडे औषध म्हणून पाहते. औषध म्हटलं की ते नक्की कोणतं, किती आणि किती दिवस हे ठरलेलंच असायला हवं. पहिल्यांदा घरी काढा करणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

सुरुवातीला एवढं सामान जवळ ठेवा:

- स्टीलचं किंवा काचेचं पातेलं आणि त्यावर घट्ट बसणारं झाकण
- मिलिलिटरच्या खुणा असलेलं मोजपात्र
- एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा
- खलबत्ता
- बारीक जाळीची गाळणी किंवा स्वच्छ सुती फडकं
- काचेच्या बरण्या, चिकटपट्टी आणि पेन
- घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी

शेवटची वस्तू स्वयंपाकघरातली नाही, पण ती नसेल तर बाकी सामानाला हात लावू नका.

## १. आधी ठरवा, काढा कशासाठी

आपल्याकडे कोणत्या तक्रारीला काय घ्यायचं हे बहुतेक घरांत ठरलेलं असतं. पडसं आलं की तुळस-आलं, पावसात भिजून अंग कसकसलं की गवती चहा, पोट फुगलं की ओवा किंवा बडीशेप, उन्हाळी लागली की धणे-जिऱ्याचं पाणी, खोकल्याला अडुळसा आणि ज्येष्ठमध, रेंगाळणाऱ्या तापाला गुळवेल. यात पिढ्यांचा अनुभव आहे. आधुनिक औषधांशी नातंही आहे: खोकल्याच्या अनेक सिरपांमध्ये असणारं ब्रोमहेक्झिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच तयार झालं.

या तक्रारी किरकोळ आणि थोड्या दिवसांच्या असतात, तोवर काढ्यानं आराम पडतो. घसा ओला राहतो, वाफेनं नाक मोकळं होतं, पोटात गरम पाणी जातं. मात्र खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर क्षयाची तपासणी करायलाच हवी. ती सरकारी केंद्रात मोफत होते. पावसाळ्यात ताप तीन दिवसांत उतरला नाही तर डेंगी, मलेरिया किंवा लेप्टो असू शकतो. धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, मान आखडून ताप, लहान मूल सुस्त पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर पातेलं बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. काढ्यानं होणारं मोठं नुकसान बरेचदा त्यातल्या वनस्पतीमुळे होत नाही. "बघू दोन दिवस काढ्यानं काय होतंय" म्हणत जे दिवस निघून जातात, त्यांच्यामुळे होतं.

## २. पिणारा कोण आहे ते पाहा

ही पायरी मी चुकवली होती, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास, लघवी होण्याच्या गोळ्या: ज्येष्ठमध नको. त्यातलं ग्लिसरायझिन हे द्रव्य मूत्रपिंडातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं. कॉर्टिसॉल या संप्रेरकाला तिथे निष्क्रिय करणं हे त्या विकराचं काम. ते थांबलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. त्यातून सूज, चढलेला रक्तदाब, स्नायूंतला अशक्तपणा आणि कधी हृदयाच्या ठोक्यांची गडबड होते. लघवी होण्याच्या अनेक गोळ्याही पोटॅशियम घटवतात. अप्पांच्या बाबतीत हे दोन्ही एकदम झालं.

मधुमेहाची औषधं: गुळवेल, मेथी आणि दालचिनी यांनी साखर आणखी उतरू शकते. घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून, आणि घरी साखर तपासत.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: वॉरफरीनसारखी गोळी चालू असेल तर आलं-सुंठ, तुळस, दालचिनी यांचे रोजचे काढे परस्पर सुरू करू नका. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी सगळे काढे थांबवा आणि भूलतज्ज्ञांना तसं सांगा.

गरोदरपण: अडुळसा नको, त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. ज्येष्ठमधही नको. जेवणात पडतं तेवढं आलं-जिरं वेगळं आणि आटवलेला काढा वेगळा. नऊ महिने "घरचंच आहे" हे कारण पुरेसं धरू नका.

यकृताचा आजार, किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार: गुळवेल नको. याबद्दल पुढच्या पायरीत लिहिते.

लहान मुलं: एक वर्षाच्या आतल्या बाळाला काढा नको आणि मध तर अजिबात नको. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोटुलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. घुटीत उगाळतात ते वेखंड काढ्यात टाकायची हौसही करू नका. त्यातल्या बीटा-असरोन या द्रव्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे. मोठ्या मुलांसाठी वैद्यांना किंवा बालरोगतज्ज्ञांना वयाप्रमाणे माप विचारा. मोठ्यांचा अर्धा कप हे मुलांचं माप नसतं.

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर काढा तिच्या सोबत घेऊ नका, तासभर तरी मध्ये जाऊ द्या. काढ्यात चहा पावडर टाकत असाल तर लोहाच्या गोळीपासूनही तो लांब ठेवा, कारण चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही.

## ३. वनस्पती नक्की तीच आहे का?

नावावर विसंबू नका, ओळख पटवा.

गवती चहा: लांब, कडेला धार असलेली पात. चुरगळली की लिंबाचा स्वच्छ वास येतो. याच कुळातलं सिट्रोनेला गवत दिसायला जवळचं असतं, पण त्याच्या बुंध्याशी तांबूस झाक असते आणि वास डासांच्या मलमासारखा येतो. ते पिण्यासाठी नाही.

तुळस: दारातली हिरवी किंवा काळी, दोन्ही चालतात. सब्जाची पानं वेगळी. फुलबाजारातल्या हारांची तुळस काढ्याला घेऊ नका, तिच्यावर काय फवारलं आहे ते आपल्याला कळत नाही. बाल्कनीत एक कुंडी ठेवलीत तर हा प्रश्नच मिटतो.

दालचिनी: जाड, कडक, एकाच गुंडाळीची साल बहुधा कॅशिया या दालचिनीच्या दुसऱ्या जातीची असते. सिलोन दालचिनी कागदासारख्या पातळ थरांची असते आणि बोटांनी मोडते. कॅशियात कुमरिन हे द्रव्य जास्त असतं आणि काही जणांच्या यकृताला ते सोसत नाही. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेच्या हिशेबानं ६० किलो वजनाच्या माणसानं रोज कॅशियाची सुमारे २ ग्रॅम पूड घेतली की कुमरिनची रोजची मर्यादा गाठली जाते. रोज घेणार असाल तर सिलोनच शोधा.

गुळवेल: इथे सगळ्यात जास्त जपा. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. तो अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की ती वनस्पती खरी गुळवेल होती याची खात्री अहवालात केलेली नाही, आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखी दिसणारी वेल घातक आहे. वाद बाजूला ठेवला तरी आपल्यासाठी दोन्हींतून एकच गोष्ट निघते: कुंपणावरची वेल ओळखीशिवाय तोडायची नाही. खऱ्या गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं, खोडाची वरची साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवं लागतं. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारख्या ठळक गाठी असतात. तरीही पहिल्यांदा तोडणार असाल तर वैद्यांना किंवा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या कुणाला दाखवा, आणि त्यांनी हो म्हटलं तरी आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त स्वतःच्या मनानं घेऊ नका.

तयार भरड विकत घेताना पाकिटावर घटकांची पूर्ण यादी, प्रत्येकाचं प्रमाण, तारीख आणि परवाना क्रमांक पाहा. "२१ वनौषधी" एवढंच लिहिलं असेल तर परत ठेवा. सांधेदुखीचं किंवा दम्याचं कुठलं चूर्ण दोन दिवसांत जादूसारखा गुण देत असेल तर त्यात स्टेरॉइड मिसळल्याची शंका घ्या.

## ४. उकळायचं की नुसतं मुरवायचं?

नव्यानं काढा करणारे बहुतेक जण सगळं एकत्र पातेल्यात टाकून दहा मिनिटं खळाखळा उकळतात. स्वयंपाकघरभर सुवास पसरतो आणि आपल्याला बरं वाटतं. पण तो सुवास म्हणजेच तुळशीतलं आणि गवती चहातलं उडून जाणारं तेल. ते कपात हवं होतं.

आयुर्वेदात यासाठी दोन वेगळ्या पद्धती आहेत. मुळं, साली, खोडं पाण्यात आटवायची, तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. पानं, फुलं आणि सुवासिक बिया गरम पाण्यात झाकून मुरवायच्या, तो फांट. कडक द्रव्याला सोळापट, मध्यमाला आठपट आणि मऊला चौपट पाणी घालून चौथा हिस्सा उरवायचा, असं काढ्याचं एक जुनं माप आहे. म्हणजे १० ग्रॅम कडक साल असेल तर १६० मिलि पाणी आणि उरवायचं ४० मिलि. काढा कडू आणि दाट का लागतो ते यावरून कळतं. कपभर प्यायची ती वस्तूच नाही. आपण घरी कपभर करतो तो बहुधा फांट असतो, आणि रोजच्या किरकोळ तक्रारीला तोच पुरेसा होतो.

दोन्ही प्रकारचे घटक एकत्र असतील तर क्रम ठेवा: सुंठ, ज्येष्ठमध, दालचिनी आधी मंद आचेवर, तुळस आणि गवती चहा गॅस बंद केल्यावर.

## ५. पहिला काढा: गवती चहा, आलं, तुळस

एका माणसासाठी:

२२० मिलि पाणी, आल्याच्या दोन पातळ चकत्या, गवती चहाच्या दोन पाती, तुळशीची पाच पानं.

पाती वाहत्या पाण्याखाली धुऊन कात्रीनं बोटभर लांबीच्या कापा. धुताना पातीवरून उलटा हात फिरवू नका, बोट कापतं. पाण्यात आलं टाकून तीन मिनिटं मंद उकळा. गॅस बंद करा. पाती आणि तुळस टाका, लगेच झाकण लावा आणि घड्याळ लावून सात मिनिटं थांबा. झाकण उचलून पाहायचा मोह होतो, पण थांबा. मग झाकणावर जमलेले थेंब परत पातेल्यात पाडा, सुवास त्यांतच असतो. बारीक गाळणीनं गाळा, कारण पातीचे धारदार तुकडे घशाला टोचतात.

मध हवा असेल तर काढा ओठाला सोसेल इतका निवल्यावर. गरम काढ्यात मध घालायचा नाही, असं आयुर्वेद सांगतो. दूध घालायचं असेल तर घाला, फक्त तो मग चहाच झाला असं समजा.

दिवसातून दोन कप, चार-पाच दिवस. पित्त उसळलं तर आलं कमी करा.

## ६. दुसरा काढा: मोजून केलेली भरड

२०२० मध्ये आयुष मंत्रालयानं सुचवलेला क्वाथ बहुतेकांना आठवत असेल. तुळशीची सुकी पानं ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि मिरे १ भाग. या भरडीतले ३ ग्रॅम १५० मिलि उकळलेल्या पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. मंत्रालयाचं माप एवढंच होतं.

त्या वर्षी आमच्या घरात मात्र डोळ्यांच्या अंदाजानं मिरपूड पडायची, तीही दिवसातून चारदा. तोंड आलं, छातीत जळजळ सुरू झाली, आणि आम्ही त्यालाही "काढा लागू पडतोय" म्हणत राहिलो. ३ ग्रॅम भरडीत मिऱ्यांचा वाटा जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम येतो, म्हणजे सहा-सात मिरे. चमचाभर मिरपूड २ ग्रॅमच्या पुढे जाते. काटा घ्या म्हणते ते यासाठी.

करायची अशी: तुळशीची सावलीत वाळवलेली पानं २० ग्रॅम, दालचिनी १०, सुंठ १०, मिरे ५. सुंठ आणि दालचिनी खलबत्त्यात जाडसर कुटा, मग मिरे, शेवटी पानं हातानं चुरा. मिक्सरमध्ये फार बारीक करू नका. पूड गाळणीतून उतरते, काढा गढूळ होतो आणि वासही लवकर उडतो. ही ४५ ग्रॅम भरड एका माणसाला रोज एकदा घेतली तर १५ दिवस पुरते. मी एका वेळी यापेक्षा जास्त करतच नाही. बरणी संपली की काढा आपोआप थांबतो.

## ७. ज्येष्ठमध वापरणारच असाल तर

निरोगी, तरुण माणसाच्या बसलेल्या घशाला ते खरोखर आराम देतं, म्हणून ते टाळाच असं मी म्हणत नाही. पण हिशेब पाहा. युरोपात तज्ज्ञांनी ग्लिसरायझिनची रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम सुचवलेली आहे. युरोपीय औषधकोशानुसार औषधी दर्जाच्या मुळात ते किमान ४ टक्के असायला हवं. म्हणजे ५ ग्रॅम मुळात २०० मिलिग्रॅम, मर्यादेच्या दुप्पट. सगळं काही पाण्यात उतरत नाही, तरी बोटाएवढा तुकडा दोन वेळा उकळला तर आपण कुठे पोचतो ते यावरून दिसतं.

मी आता एका कपाला एक ग्रॅम, दिवसातून एकदा, पाच दिवस, एवढंच देते, आणि तेही घरातल्या ज्यांना कुठलीही गोळी चालू नाही त्यांनाच. युरोपीय औषध संस्थेनंही वापराची कमाल मुदत चार आठवडे ठरवली आहे. घशाच्या गोळ्या, मुखवास, तयार सिरप यांतही ज्येष्ठमध असतं, ते याच हिशेबात धरा.

## ८. भांडी आणि साठवण

तांब्या-पितळेच्या भांड्यात काढा उकळू नका आणि त्यात ठेवूही नका, लिंबू किंवा चिंचेसारखं आंबट असेल तर विशेष करून. ॲल्युमिनियमही टाळा.

काढा त्याच दिवशी संपवा. सकाळचा उरलेला संध्याकाळी परत आटवला की माप बिघडतं. सुकी पानं वर्षभर, भरड दोन-तीन महिने. बरणीवर नाव आणि तारीख चिकटवा. पावसाळ्यात दर आठवड्याला उघडून वास घ्या. कुबट वास आला, गोळे झाले किंवा पांढुरकं जाळं दिसलं तर ऊन दाखवून वाचवायला जाऊ नका, फेकून द्या. बुरशीचं विष उकळूनही पूर्ण जात नाही.

## ९. पहिले तीन दिवस, आणि थांबायचा दिवस

पहिल्या दिवशी अर्धाच कप घ्या, आणि एका वेळी एकच नवी वनस्पती. पाच गोष्टी एकत्र सुरू केल्या आणि अंगावर पित्त उठलं तर दोष कुणाला द्यायचा ते कळत नाही.

सुरू करतानाच थांबायची तारीख कॅलेंडरवर लिहा. आमच्याकडे आता फ्रिजवर कागद असतो: काय, किती ग्रॅम, कधीपासून, कधीपर्यंत. त्या तारखेला तक्रार गेलेली असो किंवा नसो, काढा थांबतो. गेली नसेल तर डॉक्टर.

मधेच थांबायच्या खुणा: लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, जेवणावरची वासना उडणं, उजव्या बरगडीखाली दुखणं. या यकृताच्या तक्रारी आहेत. पायांवर सूज, मांड्यांत अशक्तपणा, छातीत धडधड, या ज्येष्ठमधाच्या. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास अडकला, किंवा चुकीची वनस्पती पोटात गेल्याची शंका आली, भलतं बडबडणं किंवा झापड दिसली, तर घरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता १०८ ला फोन करा.

जाताना उरलेली भरड, पाकीट आणि वनस्पतीचा तुकडा पिशवीत घालून घेऊन जा, आणि फ्रिजवरचा कागदही. अप्पांच्या वेळी डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाला आम्ही "नाही" म्हणालो आणि तपासण्यांत आठवडा गेला. ज्येष्ठमधाची पुडी त्या दिवशी माझ्या पर्समध्ये असती तर तो आठवडा वाचला असता.